न्यासाचे रक्षण : पेढीपासून पतसंस्थेपर्यंत

उपासकदशांग या सातव्या अंगसूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आली आहेत. त्यांतील पहिला श्रावक आनंद हा वाणिज्यग्रामचा गाथापती होय. त्याच्या वैभवाचे वर्णन करताना सूत्रकारांनी केवळ ‘अपार संपत्ती’ असे म्हणून समाधान मानलेले नाही. त्याच्याजवळ चार कोटी सुवर्णमुद्रा निधान म्हणून सुरक्षित होत्या, चार कोटी व्याजव्यवहारात गुंतलेल्या होत्या आणि चार कोटी घरसंसारातील साधनसामग्रीत होत्या, असा चोख हिशेब तेथे दिला आहे. आनंदाने भगवंतांच्या चरणी परिग्रहपरिमाण व्रत घेतले, तेव्हा या तिन्ही राशींना मर्यादा घातली. त्यापलीकडे वाढ करावयाची नाही, असा नियम केला. व्याजव्यवहाराचा त्याग मात्र त्याने केला नाही आणि तसा तो करण्यास त्याला सांगितलेही गेले नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाचे जे पंधरा व्यवसाय ‘कर्मादान’ म्हणून गणले आहेत, त्यांत वनतोड आहे, विषाचा व्यापार आहे, तलाव शोषून घेणे आहे. परंतु कर्जाऊ रक्कम देण्याचा व्यवसाय त्या यादीत नाही.

याचा अर्थ धर्माने सावकारीला मोकळे रान दिले, असा कोणी घेऊ नये. बंधने आहेत आणि ती बारकाईची आहेत. सर्व संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे ठेवणे आणि भेसळीचा माल खरा म्हणून देणे यांचा समावेश आहे. कापडाच्या दुकानात गज जाऊन मीटर आला, तरी हा अतिचार काही कालबाह्य झालेला नाही! सत्य व्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे कागद करणे, आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा अपहार, असे दोन दोष येतात. येथे जाणत्या वाचकाला सहज शंका येईल, की ठेव गिळणे ही तर उघड चोरी. तिची गणना सत्य व्रतात का? आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत न्यासापहाराचा जो अर्थ दिला आहे, त्यात याचे उत्तर सापडते. ठेव ठेवणारा मनुष्य आपण किती ठेवले होते हे विसरतो आणि परत घेताना कमी रक्कम मागतो. त्या वेळी, खरा आकडा ठाऊक असूनही, ‘होय, इतकेच होते’ असे म्हणून जो तेवढेच देतो, त्याने न्यासापहार केला. त्याने हात घालून काही उचललेले नाही. समोरच्याच्या विस्मरणाला नुसता होकार दिला. तो होकार हेच असत्य.

ठेवीविषयी याहून सूक्ष्म कसोटी अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच आढळेल. समाजाच्या पतव्यवहाराचा इतिहास पाहताना हीच कसोटी हाती धरणे योग्य ठरते.

वऱ्हाडात जैन समाज फार जुना आहे. कारंजा येथील भट्टारकपीठे आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ यांवरून ते सहज ध्यानात येते. सैतवाळ, बघेरवाळ, कासार आदी ज्ञातींची मातृभाषा पिढ्यान्पिढ्या मराठी राहिली. मारवाड आणि गुजरातेतून आलेल्या व्यापारी कुटुंबांची भर त्यांत पडत गेली आणि एकोणिसाव्या शतकात कापसाच्या व्यापाराने तिला वेग आला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ नावारूपाला आली आणि १८७० साली खामगावला रेल्वेची शाखा पोहोचली. मेहकरला रेल्वे आली नाही. ती आजतागायत आलेली नाही. आइन-ए-अकबरीत ज्या गावाचा उल्लेख सरकारचे मुख्य ठिकाण म्हणून येतो, त्या पैनगंगेकाठच्या गावाचा व्यापार त्यामुळे बैलगाडीच्या, आणि पुढे मोटारीच्या रस्त्यावरच चालला. अशा आडवाटेच्या पेठेत बँकेचे काम पेढीनेच करावयाचे असते.

त्या काळच्या पेढीवर रोकड आणि खाते या दोन वह्यांवर सारा डोलारा उभा असे. दूरच्या पेठेत रक्कम पोचवावयाची तर हुंडी लिहिली जाई. सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघालेले कुटुंब दागिन्यांची पुरचुंडी पेढीवर ठेवून जाई, विधवा भगिनी आपली पुंजी तेथे ठेवीत. पावती अशी नसेच. वहीतली एक ओळ हाच पुरावा, आणि तीही ठेवणाऱ्याला वाचता येत नसे. दीपावलीला, म्हणजे भगवंतांच्या निर्वाणदिनी, वहीपूजन होऊन दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताबरोबर नव्या वहीचा आरंभ होई. निर्वाणाचा दिवस आणि हिशेबाचा दिवस एकच असावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

तथापि या इतिहासात एक अप्रिय पान आहे, आणि स्मरणिकेत ते गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि तेजीच्या काळात सढळ हाताने दिलेली कर्जे शेतकऱ्यांच्या गळ्याशी आली. पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी जमावाने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून ते ओळखले जातात. रोष होता तो प्रामुख्याने मारवाडी आणि गुजराती सावकारांवर, आणि त्यांत जैनही होते. जमावाने माणसांना फारशी इजा केली नाही. त्याने शोधून शोधून जाळले ते कर्जरोखे आणि वह्या. दीपावलीला ज्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाई, त्याच वह्या लोकांना जाळाव्याशा वाटल्या, यावर समाजाने विचार करावयास हवा होता. त्या वह्यांतील प्रत्येक नोंद कूटलेखच होती, असे कोणी म्हणणार नाही. पण निरक्षर माणसाचा अंगठा घेऊन लिहिलेल्या रोख्यात आकडा किती आणि व्याज किती, हे त्याला माहीत नसे. आणि त्याच्या अज्ञानाला मूक होकार देणारे पुष्कळ होते, हे नाकारता येत नाही.

शासनाने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३३ साली कर्ज तडजोडीचा आणि १९३४ साली सावकारांसंबंधीचा कायदा झाला. कायद्याने सावकारावर अंकुश आला. परंतु पेरणीच्या वेळी लागणारा पैसा काही कायद्याने निर्माण होत नाही. तो कोठून यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर दूर जर्मनीत शोधले गेले होते. तेथे शुल्झ यांनी १८५० च्या सुमारास शहरांतील कारागीर व छोट्या दुकानदारांसाठी, तर रायफायझन यांनी १८६० नंतर खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी पतसंस्था उभारल्या. त्याआधी, १८४४ साली, इंग्लंडमधील रॉशडेल येथे अठ्ठावीस जणांनी सहकारी दुकान उघडले होते आणि त्यांत विणकरांचा मोठा वाटा होता, हे वस्त्रव्यवसायातील वाचकांना कौतुकाचे वाटेल. रायफायझन यांचा आग्रह असा, की संस्थेचे कार्यक्षेत्र लहान असावे, प्रत्येकाला प्रत्येक जण ठाऊक असावा. तारणाला सोने नसले तरी चालेल. पण शेजाऱ्याचा स्वभाव माहीत असला पाहिजे.

हिंदुस्थानात याची पहिली पेरणी एका मराठी गृहस्थाने केली, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. तेव्हा सहकाराचा कायदाही अस्तित्वात नव्हता. तो १९०४ साली झाला आणि १९१२ साली त्याची व्याप्ती वाढली.

कायदा झाल्यानंतर दोनच वर्षांत मुंबईत जे घडले, ते आपल्यासारख्या संख्येने लहान समाजाला विशेष बोधप्रद आहे. चित्रापूर सारस्वत हा मूठभर समाज. मुंबईत नोकरीस आलेली त्याची कुटुंबे आजारपण, शिक्षण, लग्नकार्य यांसाठी कर्जात अडकत. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी २७ डिसेंबर १९०६ रोजी आपले गुरुतुल्य श्यामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था उभी केली. समाजातील लोकांनी बचत ठेवावयाची आणि समाजातीलच गरजूंना वाजवी व्याजाने द्यावयाची, अशी ती साधी योजना होती. १९१८ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी स्थापन झाली. तिचे १९३३ साली नागरी सहकारी बँकेत रूपांतर झाले आणि पुढे ती देशातील सर्वांत मोठ्या नागरी सहकारी बँकेच्या पदाला पोहोचली. या दोन्ही संस्था समाजाच्या अंगणात जन्मल्या आणि नंतर त्यांनी आपली दारे सर्वांना उघडली.

यामागचे रहस्य काय? साधर्मिक वात्सल्याची कल्पना आपल्याकडे आहेच. मांडवगडची एक कथा परंपरेने सांगितली जाते. गावात नवा साधर्मिक बंधू राहावयास आला, की प्रत्येक जैन घरातून त्याला एक नाणे आणि एक वीट मिळे. विटांचे घर होई, नाण्यांचे भांडवल होई. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील विचार पक्का आहे. मात्र दान आणि पत यांत एक सूक्ष्म भेद आहे. दान घेणाऱ्याची मान थोडी का होईना, खाली जाते. पतसंस्थेचा कर्जदार हा सभासद असतो, भागधारक असतो, आणि सर्वसाधारण सभेत त्याचे मत अध्यक्षांच्या मताइतकेच एक असते. कितीही भाग घेतले तरी मत एकच! व्यापारी मनाला हा नियम प्रथम पचला नसेल. परंतु सहकाराचा प्राण तोच आहे.

स्वातंत्र्यानंतरही परिस्थिती लगेच पालटली नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत असे दिसून आले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. बाकीचा मोठा भाग सावकारांचाच. पुढे ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ अस्तित्वात आला. आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, राज्यात कर्जमुक्तीचा कायदा येऊन अल्पभूधारक व मजुरांची खासगी कर्जे रद्द झाली आणि घरोघरीच्या सावकारीचा काळ खऱ्या अर्थाने सरला. अनेक व्यापारी घराण्यांनी मग दुकानावर लक्ष केंद्रित केले. ही पोकळी भरून काढली ती बिगरशेती पतसंस्थांनी. दुकानाच्या दारात येऊन रोज दहा-वीस रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट हा पेठेचा नवा परिचय झाला. चहावाला, शिंपी, भाजीवाली, ज्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेची काचेची खिडकी फार उंच होती, त्यांची बचत प्रथमच व्याज मिळवू लागली.

आपल्या जिल्ह्यात या चळवळीचे सर्वांत ठळक उदाहरण बुलढाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटीचे आहे. राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने १९८६ साली ७२ सभासद आणि १२ हजार रुपये भांडवल यांवर ती सुरू झाली. पुढे तिचा विस्तार अनेक राज्यांत झाला. शेतकऱ्याने सोयाबीन वा हरभरा गोदामात ठेवावा, त्या पावतीवर कर्ज घ्यावे आणि भाव आल्यावर माल विकावा, ही तिची गोदाम-तारण पद्धत आपल्या भागाला फार उपयुक्त ठरली. सुगीच्या तोंडावर पडेल भावाने माल विकण्याची लाचारी हेच तर जुन्या सावकारी पाशाचे मूळ होते.

परंतु विस्ताराबरोबर धोकाही वाढतो. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा बँक बुडाली. २००२ साली होम ट्रेड प्रकरणात नागपूर व वर्धा जिल्हा मध्यवर्ती बँकांचा पैसा रोख्यांच्या व्यवहारात अडकला. २०१२ नंतरची काही वर्षे नागपूर, वर्धा आणि आपली बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका परवान्याअभावी संकटात होत्या. शासकीय साहाय्यानंतरच त्या सावरल्या. आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्य पतसंस्थेवर २०१५ साली अवसायक नेमण्याची वेळ आली. त्या संस्थेच्या नावामुळे जैन समाजाला ही घटना अधिक लागली. ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी पैसा साठविणारे होते. कित्येकांनी केवळ नाव ऐकून, ‘आपल्या लोकांची संस्था’ म्हणून पैसे ठेवले होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक ठेवीदारांना माहीत नसते. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख रुपयांपर्यंत आहे. नागरी सहकारी बँकेलाही ते लागू आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर ‘बँक’ नसून ‘पतसंस्था’ आहे, हा भेद एका शब्दाचा दिसतो. पण ठेवीदाराच्या दृष्टीने तो आयुष्याच्या कमाईचा आहे. पतसंस्थेतील ठेव सुरक्षित राहते ती तीन गोष्टींवर : कर्जदार चोख असणे, राखीव निधी भक्कम असणे आणि संचालक निःस्पृह असणे. कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे बंधनकारक केले आहे, तसेच लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. भागधारकाने किती लाभ घ्यावा याला मर्यादा, हे एका अर्थी परिग्रहपरिमाणच म्हणावयाचे.

समाजाच्या संस्थेचे बळ आणि तिचे दौर्बल्य एकाच ठिकाणी असते. सर्वजण एकमेकांना ओळखतात, म्हणून खोटा मनुष्य लवकर कळतो. परंतु सर्वजण एकमेकांचे नातलगही असतात, म्हणून त्याला ‘नाही’ म्हणणे कठीण जाते. व्याह्याच्या अर्जावर शेरा काय मारावा? पूजेच्या बोलीत दरवर्षी पुढे असणाऱ्या शेठजींना जामीनदार कसा मागावा? समाजसंस्था बुडाल्या, तर परक्यांनी लुटल्यामुळे क्वचितच बुडतात. आपल्याच माणसाचा संकोच वाटल्याने त्या हळूहळू पोखरल्या जातात. थकीत कर्ज नवे करून दाखविणे, एकाच कुटुंबाला चार नावांनी कर्ज देणे, ही आजची कूटलेखक्रिया आहे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटल्याने मनातील वैर धुऊन निघते. थकलेला हप्ता त्याने फिटत नाही, हे मात्र काही कर्जदारांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

आणि शेवटी तो पूज्यपादांनी सांगितलेला विसराळू ठेवीदार. तो आजही आहे. वृद्ध मावशींनी ठेवलेली मुदत ठेव त्यांच्या मुलांना माहीत नसते; पावती देव्हाऱ्यातील पोथीत राहते. पिग्मीच्या खात्यावर शे-पाचशे रुपये पडून असतात आणि खातेदार गाव सोडून पुण्याला गेलेला असतो. बँकांसाठी दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करण्याची व्यवस्था २०१४ पासून आहे, आणि त्यांचा शोध घेण्यासाठी २०२३ साली ‘उद्गम’ हे संकेतस्थळही झाले. पतसंस्थेचा ठेवीदार या व्यवस्थेत येत नाही. तेथे सारे व्यवस्थापकाच्या मनावर आहे. न मागितलेल्या ठेवी ताळेबंदात भांडवलासारख्याच सोयीच्या असतात; त्यांवर व्याजाचा तगादा नाही, परतीची घाई नाही. गप्प राहिले तरी कोणी विचारणार नाही, लेखापरीक्षकही फारसे काही म्हणणार नाहीत. अशा वेळी वारसदाराचा पत्ता शोधून, ‘तुमच्या आईच्या नावे आमच्याकडे इतकी रक्कम आहे’ असे पत्र पाठविणारा व्यवस्थापक पतसंस्थेत हवा. त्या पत्राला चार-दोन रुपयांचा टपालखर्च येतो.

सहकार कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, प्रत्येक संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावयाची असते. पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवसही साधारण त्याच सुमारास येतात. प्रतिक्रमणाला स्थानकात पाय ठेवावयास जागा नसते. सभेला मात्र गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागते, आणि अहवालाची छापील प्रत अनेक घरांत न उघडताच रद्दीत जाते. त्या अहवालात थकबाकीचे प्रमाण, राखीव निधी, संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील येणे आणि न मागितलेल्या ठेवी, असे चार आकडे असतात. नसतील, तर ते का नाहीत, हे विचारण्याचा अधिकार शंभर रुपयांचा एक भाग घेतलेल्या सभासदालाही आहे.